चतुराबाईचं गळ्यातलं

यंत्र वाजलंच नव्हतं. परीक्षा केंद्राच्या फाटकात तपासणीला बसलेल्या बाईनं ते काळं दांडकं अर्शियाच्या पाठीवरून, बगलेखालून, गळ्यावरून दोनदा फिरवलं तरी ते मुकंच राहिलं. गळ्यात होता तो दगड, दगड ओवला होता रेशमात, धातूचा त्यात कणही नव्हता. तरी बाई म्हणाली, "गळ्यातलं काढ." "मॅडम, हे मेटल नाहीये." "काहीच चालत न्हाई गं. ताईत न्हाई, दोरा न्हाई. काढ लवकर, मागं किती लाईन हाय बघ." अर्शिया मानेमागे हात नेऊन गाठ चाचपू लागली. तिची आई दिलशाद दोरीच्या अलीकडे पालकांच्या गर्दीत उभी होती. ती गाठ सुटणार नाही हे तिला माहीत होतं, कारण तिनंच ती मारली होती आणि दागिने गाठवणाऱ्या पटवेकऱ्याची गाठ हातानं सुटत नसते. मग त्या बाईनं मुलींच्या लांब बाह्या कापायला ठेवलेली कात्री उचलली, अर्शियाच्या मानेशी नेली, आणि कच्च असा एक बारीक आवाज झाला. एवढ्या गोंगाटात तो ऐकू यायचं काही कारण नव्हतं. दिलशादला तो ऐकू आला. अर्शियानं दोरीवरून हात लांब करून दगड तिच्या तळहातावर ठेवला, "अम्मी, सांभाळ," म्हणाली आणि वळून आत गेली. दगड गरम होता. पोरीच्या अंगाची ऊब होती ती. आता दोन मिनिटांत जाईल, असं दिलशादच्या मनात आलं आणि तिनं मूठ मिटली.

दीड वाजला होता. परीक्षा दोन ते पाच. मे महिन्यातल्या त्या रविवारी लातूरचा तो रस्ता आईबापांनी भरून गेला होता. कुणी लिंबाखाली सतरंजी टाकली होती, कुणी मोटारीच्या सावलीत उकिडवं बसलं होतं, एक म्हातारी पोथी काढून वाचत होती. भिंतीभिंतीवर क्लासच्या पाट्या, पाट्यांवर डॉक्टर झालेल्या पोरापोरींचे फोटो, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच ताठ हसू. दिलशाद एका बंद झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसली. ती नांदेडहून सकाळच्या एसटीनं आली होती आणि तिचे पाय सुजले होते. अलीकडे तिला सगळ्याचाच शीण यायचा. बसण्याचा, उठण्याचा, झोपून उठल्यावर झोपेचासुद्धा. डॉक्टर म्हणाला होता रक्त कमी आहे. फारूक, तिचा नवरा, म्हणायचा तू विचार लई करून राहिलीस. कसले विचार, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. दागिने ओवणं, गाठवणं हे फारूकच्या घराण्याचं काम. लग्नानंतर तीही शिकली आणि हळूहळू त्याच्यापेक्षा तिचा हात सरस झाला. मणी, पोत, पुतळ्या, बायकांच्या गळ्यातलं काय काय तिच्या हातांतून गेलं असेल. ते सगळं ओवून ज्याचं त्याला परत गेलं. एवढं एक सोडून.

चतुराबाई पहिल्यांदा आली तेव्हा त्यांचं दुकान लातूरलाच होतं, गंजगोलाईत, भिंतीतल्या कोनाड्यापेक्षा थोडं मोठं. औशाकडच्या एका गावची शेतकऱ्याची बायको, उंच, हाडापेरानं मोठी. दुकानाच्या फळीवर बसली, पदराची गाठ सोडली आणि दगड पुढे ठेवला. "बाई, हे ओवून द्या. दर वर्साला तुटतंय. लोक म्हंतेत दगड अशुभ हाय. मी म्हंते दोराच कच्चा." दिलशादनं तो उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. अंगठ्याच्या पेरापेक्षा जरासा मोठा, काकडीच्या गरासारखा फिकट हिरवा, एका कुशीला तपकिरी डाग. अंग गोल वळवून झोपलेलं कसलंसं जनावर होतं ते. डोकं मोठं, डोळे बटबटीत, शेपूट तोंडापाशी आलेली पण टेकलेली नाही, मध्ये सुईएवढी फट. इतकं गुळगुळीत की बोट ठरेना. "हे काय हाय?" "आमच्यात कुत्रं म्हंतेत. सासू म्हणायची पोटातलं लेकरू हाय." चतुराबाईच्या सासऱ्याचा आजा इंग्रजाच्या पलटणीत होता, पलटण चीनला गेली होती, तिथून त्यानं ते आणलं. विकत आणलं की उचलून आणलं ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून घरातल्या थोरल्या सुनेच्या गळ्यात. दिलशादनं दगड उजेडाकडे धरून भोकातून बघितलं. दोन्ही बाजूंनी कोरत आणलेलं भोक, बाहेर रुंद आणि मध्ये अरुंद, दोन्हीकडून आलेले हात मध्ये नीट भेटले नव्हते. तिथं एक धार राहिली होती. दोरा दर वर्षी तिथंच कापला जात होता. "दगड अशुभ न्हाई," ती म्हणाली, "भोक वाकडं हाय." चतुराबाई तोंडावर पदर धरून एवढी हसली की शेजारचा अत्तरवाला डोकावून बघायला लागला.

त्यानंतर पाच वर्षं ती येत राहिली. दिलशाद मेण लावून सहापदरी रेशीम वळायची, धारेपाशी आणखी एक वेढा द्यायची, आणि तरी वर्ष भरत आलं की ते तुटायचं, जणू चतुराबाईला बाजाराला यायला एक निमित्त हवं म्हणून. शेवटच्या वर्षी ती गणपतीच्या दिवसांत आली. तिला पाहिजे होतं तसं हिरवं रेशीम संपलं होतं. "राहू द्या तुमच्यापाशीच," ती म्हणाली, "घट बसायच्या आदल्या दिवशी येते, तव्हा गळ्यात घालूनच जाईन." उठताना तिनं रिकाम्या गळ्यावर पदर ओढून घेतला. गणपती बुडाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली. लातुरात भांडी पडली, भिंतींना भेगा गेल्या, लोक रस्त्यावर आले. औशाकडची गावंच्या गावं मातीखाली गेली हे दिवस वर आल्यावर कळलं. फारूक मदतीच्या ट्रकमधून तीनदा तिकडे जाऊन आला. तिसऱ्यांदा आल्यावर जेवायला बसला आणि ताटावरून उठला. चतुराबाईच्या गावाचं नाव घेऊन तिनं विचारलं तेव्हा त्यानं नुसती मान हलवली.

दिलशादनं पायरीवर बसल्या बसल्या मूठ किंचित उघडून बघितली. दगड अजून कोमट होता. आता ती ऊब कुणाची हे सांगता येत नव्हतं. खरं तर त्या दिवसांत तिच्या मनात चोरी नव्हती. अम्मार, तिचा पहिला मुलगा, तेव्हा दहा महिन्यांचा होता. धक्के अजून बसत होते. प्रत्येक धक्क्याला तो झोपेतून दचकून उठायचा, ओठ निळे पडायचे, रडायचा श्वास छातीतच अडकायचा. दवाखान्यात गर्दी जखमींची, धास्तावलेल्या तान्ह्या पोराकडे कोण बघणार. सासू म्हणाली, हौलदिल झालंय. जुन्या लोकांत यशबाची, म्हणजे हिरव्या दगडाची, हौलदिली गळ्यात घालायचे, गार दगड काळजावर राहिला की काळीज ठिकाणावर येतं. यशब. दिलशाद उठली, खिळ्याला टांगलेला चतुराबाईचा दगड काढला, हाताला लागला त्या लाल दोऱ्यात ओवला आणि अम्मारच्या गळ्यात बांधला. पोर झोपलं. दगडानं झोपलं की नुसतं दमून झोपलं, अल्लालाच माहीत. पण चार दिवसांत पहिल्यांदा झोपलं. आणि त्यानंतर विसाव्या की बाविसाव्या दिवशी फळीपुढे एक माणूस येऊन उभा राहिला, त्याच्याबरोबर सहा वर्षांची एक पोरगी. माणसानं नाव सांगितलं, सटवाजी, राहणार देवणीजवळ. चतुराबाई त्याची बहीण. पोरगी तिची, त्या दिवशी मामाकडे होती म्हणून राहिली. "बहिणीनं बाजारात कुठं कुठं काय ठिवलं व्हतं म्हणून हिंडतोय. शिंप्याकडं एक पोलकं सापडलं. तुमच्याकडं गळ्यातलं काही?" पोरीनं ते पोलकं छातीशी घट्ट धरलं होतं. पाठीमागे पडद्याआड अम्मार झोपला होता. त्याचा श्वास दिलशादला ऐकू येत होता. तिनं स्वतःचा आवाज ऐकला: "न्हाई. माझ्याकडं काही ठिवलं न्हाई." सटवाजी बरं म्हणाला. त्याला अशा उत्तरांची सवय झाली असावी. पोरगी मात्र हलली नाही, टांगलेल्या गोंड्यांकडे बघत राहिली. दिलशादनं एक लाल गोंडा काढून तिच्या हातात दिला. पोरीनं तो घेतला, आणि ती दोघं गर्दीत गेली.

पुढच्या आठवड्यात जाऊ. अम्मार जरा बरा झाला की जाऊ. थंडी पडली की जाऊ. देवणी काही दूर नाही. मग फारूकला लातुरात छताखाली झोप येईना, म्हणून ते नांदेडला त्याच्या भावांपाशी, सराफ्यात राहायला गेले आणि देवणी दूर पडली. फारूकला वाटायचं दगडाचं कुणी उरलंच नाही. अमानत आहे, राहू दे, म्हणायचा. पोरगी आली होती हे तिनं त्याला सांगितलं नाही, आणि जे पहिल्या दिवशी सांगितलं नाही ते दिवसागणिक सांगायला जड होत गेलं. एकदा हैदराबादला लग्नाला गेली असताना तिनं तो एका म्हाताऱ्या हक्काकाला दाखवला, दगड कोरण्यात ज्याचा जन्म गेला होता अशाला. त्यानं काच लावून बघितलं, मग काच काढून नुसत्या बोटांनी बघितलं. चीनचा, म्हणाला, लई जुना. लोखंड नव्हतं तेव्हा वाळूनं घासून केलेला. हा तपकिरी डाग मातीचा, कुणा मेलेल्याच्या छातीवर हजारो वर्षं राहिल्यावर चढलेला. "कुठून मिळाला, बेटी?" ती म्हणाली, माहेरचा आहे. तेव्हा तिला कळलं की पहिलं खोटं एकटं राहत नाही, त्याला सोबत लागते. अम्मार मोठा झाला, पुण्याला नोकरीला लागला, दगड कपाटात गेला. मग अर्शियाला दहावीत छातीत धडधड व्हायला लागली आणि तो पुन्हा बाहेर आला. आणि दोन वर्षांपूर्वी अर्शिया क्लाससाठी लातूरला राहायला आली. पहिल्या महिन्यातच फोनवर म्हणाली, "अम्मी, आमच्या मेसच्या ताई लई चांगल्या आहेत. भूकंपात घरातलं कुणीच राहिलं नाही त्यांचं." आणि गावाचं नाव सांगितलं. आणि ताईंचं नाव सांगितलं, वर्षाराणी, चतुराबाईच्या लेकीचं. त्या दिवसापासून दिलशाद लातूरला आली की अर्शियाला बसस्टँडवर भेटायची, तिथंच रसवंतीत बसायची, तिथूनच परत फिरायची. मेसवर चल म्हटलं की पाय दुखतात म्हणायची. ते खोटं नव्हतं.

"तुम्ही अर्शियाची आई न्हवं?"

दिलशादनं वर बघितलं. डोक्यावर पदर, हातात डबा आणि ताकाची बाटली, उंच, हाडापेरानं मोठी बाई. ओळख करून घ्यायची गरज पडली नाही. "मी वर्षाराणी, मेसवाली. पोरगी म्हणली, अम्मी उन्हात बसंल, काही खाणार न्हाई. म्हणून आले." ती पायरीवर शेजारीच बसली, पदरानं मान पुसली. "आज एकोणीस पोरी हायत माझ्या आत. चारला उठून सगळ्यांना दहीसाखर दिली. जसं काय मलाच पेपर हाय." तिनं डब्याचं झाकण काढलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांगं. "जेवा." दिलशादची उजवी मूठ मिटलेली होती. जेवायचं तर ती उघडावी लागणार होती. "काय झालं? हातात काय हाय?" काहीच नाही, हे शब्द दिलशादच्या जिभेवर तयार होते, जुने, वापरून गुळगुळीत झालेले. तिनं मूठ उघडली.

वर्षाराणीनं बघितलं आणि हसली. "हां, अर्शियाचं. काढायला लावलं व्हय? रोज बघते की मी तिच्या गळ्यात. गोगलगाय हाय का ती?"

म्हणजे तिला माहीत नव्हतं. सहा वर्षांच्या पोरीला आईच्या गळ्यातलं काय लक्षात राहणार. दिलशादला एकदम हलकं वाटलं. ताकाचा घोट घ्यावा, दगड पिशवीत टाकावा, पाच वाजता पोरीला घेऊन नांदेडची गाडी धरावी; पोरीचं लातूर आज संपलं होतं, पुन्हा इथं यायचं कारणच नव्हतं. सगळं सोपं होतं. आणि हलकं वाटलं त्याच्या मागोमाग तिला इतका शीण आला, इतका, की हा दगड आणखी एक दिवस, नांदेडपर्यंतसुद्धा, आपल्याच्यानं नेला जाणार नाही असं वाटलं. तिनं धैर्य गोळा वगैरे केलं नाही. ती फक्त दमली होती. "हे अर्शियाचं न्हाई," ती म्हणाली. "तुझ्या आईचं हाय. चतुराबाईचं."

"कुठली आई?" वर्षाराणी म्हणाली. मग तिचा चेहरा थांबला.

दिलशादनं सगळं सांगितलं. हिरवं रेशीम संपलं होतं ते, अम्मारचे निळे ओठ, पडदा, सटवाजी, पोलकं. मध्ये कुठं थांबली नाही, कारण थांबली असती तर स्वतःच्या बाजूनं काहीतरी बोलली असती. वर्षाराणी समोर रस्त्याकडे बघत होती. "गोंडेवाली बाई," ती हळूच म्हणाली. "ती तुम्ही. तो गोंडा मी शाळेत वेणीला बांधायचे. मामी म्हणायची, कुठून चोरलीस." मग म्हणाली, "पोलकं मामीनं तिच्या पोरीला लहान करून दिलं. मी रडले तर म्हणली, तुला कुठं बसतंय. माझ्याकडं आईचं काहीच न्हवतं, बाई. फोटोसुदिक न्हाई. आणि तुमाला ठावं व्हतं."

"हाव."

"पंचवीस वर्सं."

"हाव. पोरी, माफ..."

"माफ-बीफ मला काही कळत न्हाई." ती उठली. दगड दिलशादच्या तळहातावरून तिनं उचलला, पण त्याकडे बघितलं नाही. लिंबाखाली पाण्याचे जार ठेवले होते तिथं जाऊन पाठमोरी उभी राहिली. कुणीतरी तिला पाण्याचा ग्लास दिला, तो तिनं तसाच धरून ठेवला. ती गेली असती तरी दिलशादला नवल वाटलं नसतं. तिची उजवी मूठ अजून सवयीनं मिटत होती, उघडत होती. उघड्या डब्यातल्या भाकरीचा पापुद्रा उन्हानं वाळून वर वळायला लागला. केव्हातरी, बऱ्याच वेळानं, वर्षाराणी परत आली आणि पायरीवर बसली, मघापेक्षा जरा लांब.

"ती बोलायची कशी?" तिनं विचारलं.

"कोण?"

"आई. मला तोंड आठवत न्हाई, आवाज बी न्हाई. मामा मेला. गावातलं कुणी न्हाई. तुम्ही तिच्याशी बोललाव."

 इतकी वर्षं दिलशादला वाटत होतं आपल्यापाशी एक दगड आहे. "आवाज बसका होता," ती म्हणाली. "मशेरी लावायची ना. जवळ बसली की वास यायचा." वर्षाराणी पटकन वळून तिच्याकडे बघायला लागली. "पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, म्हणून हसताना पदर धरायची. चप्पल काढून मांडी घालूनच बसायची, घाई असली तरी. तुझं नाव तिनं ठेवलं. घरच्यांना नुसतं वर्षा पाहिजे होतं. ती म्हणली, राणी लावल्याबिगर मी हाकच मारणार न्हाई. शाळेत नाव घातलं त्या वर्षी लई खुशीत होती, मास्तरांनी पूर्ण नाव लिहिलं म्हणून. आणि पेरू खायची, मीठ लावून, बिया थुंकायची न्हाई, सगळं खायची. गळ्यातलं काढून ठेवलं की मानेला हात लावत राहायची. म्हणायची, तोल गेल्यासारखं वाटतंय."

"आणखी?"

"एकदा आली तव्हा एक डोळा सुजला होता. कशानं ते सांगितलं न्हाई. मी चहा दिला. बशीतनं प्याली."

"आणखी?"

दिलशादनं शोधलं. पाच वर्षं, वर्षातून एकदा. पाच-सहा दुपारी होत्या सगळ्या मिळून. काहीतरी बनवून सांगता आलं असतं, एखादं गाणं, एखादा आशीर्वाद. ऐकणारीनं ते जन्मभर जपलं असतं. "आणखी न्हाई आठवत," ती म्हणाली. "एवढंच हाय माझ्यापाशी."

पाचची घंटा झाली. फाटक उघडलं तसे सगळे आईबाप एकदम उठले आणि दोरीला जाऊन चिकटले. वर्षाराणीनं दगड पदराच्या टोकाला बांधला, गाठीला दोनदा हिसका देऊन बघितला आणि टोक कमरेला खोचलं. एकेक पोरगी बाहेर येत होती, कुणी रडत, कुणी हसत, आणि ती नावानं हाका मारून त्यांना बाजूला घेत होती. अर्शिया उशिरा आली, चेहरा उतरलेला. "फिजिक्स गेलं, अम्मी," म्हणाली, आणि सवयीनं गळ्याशी हात नेला. "दगड कुठंय?"

"दिला. ज्याचा होता त्याला."

अर्शियानं आईकडे बघितलं, मग ताईंकडे, पण तिच्यात विचारायचं त्राण उरलं नव्हतं. तिनं कपाळ आईच्या खांद्यावर टेकवलं. वर्षाराणी पोरी मोजून परत आली. डबा तसाच बघून तिनं त्यावर झाकण लावलं. "गाडी किती वाजता हाय तुमची?"

"सातची."

"मग मेसवर चला. पोरगी दोन घास खाईल. पोळ्या लाटायच्या हायत मला, तुम्ही बसून सांगा."

"काय सांगू? माझ्यापाशी होतं ते सगळं सांगितलं."

"तेच परत सांगा," वर्षाराणी म्हणाली, आणि पोरींच्या मागोमाग चालायला लागली. दिलशाद पायरीला हात टेकून उठली. पाय अजून दुखत होते.